उंदरीच्या घुगऱ्या

एक होती उंदरी. इवलीशी आणि दमलेली. तिचं पिल्लू होतं बिननावाचं. बारशाला हव्यात घुगऱ्या, गरम गरम हरभरे. घुगऱ्या नाहीत, तर बारसं कसलं?

एके दिवशी शकूआत्याच्या घरात कंप्यूटर आला. त्याच्याजवळ एक नवीनच वस्तू. पाठ गोल, शेपूट लांब.

"हा माउस," आत्या म्हणाली. "माउस म्हणजे उंदीर. दिसतो ना तस्साच? म्हणून लोकांनी उंदराचंच नाव ठेवलं."

उंदरीनं कान टवकारले. "अगं बाई! नाव माझं नेलं, आणि माझ्या घुगऱ्या कुठायत?"

तुरुतुरु, तुरुतुरु, हुश्श! उंदरी गेली आत्याकडे.

"आत्या, आत्या, घुगऱ्या शिजव.
नाव गेलं माझं, बारसं राहिलं पिल्लाचं!"

"शिजवीन गं. पण जीव दमलाय बाई. पातेलं फळीवर बसलंय. ते उतरेल, तर शिजवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु, हुश्श! उंदरी गेली पातेल्याकडे.

"पातेल्या, पातेल्या, खाली उतर.
आत्या घुगऱ्या शिजवीना.
नाव गेलं माझं, बारसं राहिलं पिल्लाचं!"

"उतरेन गं. पण जीव दमलाय बाई. माझ्यात कोळी बसलाय. तो उठेल, तर उतरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, हुश्श! उंदरी चढली पातेल्यावर.

"कोळीदादा, कोळीदादा, ऊठ ना.
पातेलं उतरेना,
आत्या घुगऱ्या शिजवीना.
नाव गेलं माझं, बारसं राहिलं पिल्लाचं!"

"उठेन गं. पण जीव दमलाय बाई. माझ्या जाळ्याचंही नाव नेलं लोकांनी. जगभरची माहिती एकत्र जोडली, आणि म्हणाले वेब. वेब म्हणजे जाळंच की! मला एक हरभरा मिळाला असेल तर शपथ. गारठलोय मी. ढग सरकेल, ऊन पडेल, तर उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, हुश्श! किती त्या पायऱ्या! उंदरी गेली गच्चीवर.

"ढगा, ढगा, बाजूला सरक.
कोळी उठेना,
पातेलं उतरेना,
आत्या घुगऱ्या शिजवीना.
नाव गेलं माझं, बारसं राहिलं पिल्लाचं!"

"सरकेन गं. पण जीव दमलाय बाई. लोक आपले फोटो ठेवतात लांबच्या कंप्यूटरवर. म्हणतात काय, तर क्लाउडवर ठेवले. क्लाउड म्हणजे ढग! नाव माझं नेलं. मला विचारलं का कुणी? वारा ढकलेल, तर सरकेन."

तुरुतुरु... तुरु... हुश्श! पाय चालेनात. वारा लोळत होता चिंचेखाली.

"वाऱ्या, वाऱ्या, ढगाला ढकल.
ढग सरकेना,
कोळी उठेना,
पातेलं उतरेना,
आत्या घुगऱ्या शिजवीना.
नाव गेलं माझं, बारसं राहिलं पिल्लाचं!"

"ढकलीन गं. पण जीव दमलाय बाई. उंदराचं नाव नेलं, जाळ्याचं नेलं, ढगाचं नेलं. माझं नाव कुणालाच नको!"

उंदरी मटकन खाली बसली. आता जायचं कुणाकडे? तिला रडूच आलं. रडता रडता हसूही आलं.

"घ्या! माझं नेलं म्हणून मी रडते. तुझं नेलं नाही म्हणून तू रडतोस! दे मला तुझं नाव. माझ्या पिल्लाला ठेवते. चालेल?"

वारा उठून बसला. "मला विचारलंस? चालेल काय, पळेल!"

भुर्रर्र! वारा सुटला.
ढग सरकला. ऊन पडलं.
कोळी उठला, ऊन खायला गेला.
पातेलं उतरलं, ठण्ण!
आत्यानं घुगऱ्या शिजवल्या, रटरट, रटरट.

आत्यानं वाटी ठेवली माउसच्या शेजारी. "घे गं बाई. नाव तुझं, मान तुझा."

उंदरीनं एक हरभरा दिला कोळ्याला. एक ठेवला गच्चीवर, ढगासाठी. एक चिंचेखाली.

मग आत्या खाली वाकली. पिल्लाच्या कानाशी तोंड नेलं. आत्याचंच काम ते!

"कुर्रर्र... वारा!"

पिल्लानं पहिल्यांदा डोळे उघडले. आणि उंदरीनं आपले मिटले. "हुश्श! झालं बाई एकदाचं बारसं."

घुगऱ्या मऊ, वाटून खाऊ,
गोष्ट सरली, निजून जाऊ.