वेशीबंदरचा माघारवळसा

वेशीबंदरहून मुंबईला जायला आता वाटा पुष्कळ. एसटी आहे, पुलावरून धावणारी शेअर रिक्षा आहे, घाई असेल तर टॅक्सीही मिळते. तरी काही माणसे लाँचनेच जातात. ही लाँच धक्का सोडते, थोडी पुढे जाते आणि एक पूर्ण वळसा घेऊन तोंड पुन्हा धक्क्याकडे करते. मगच मुंबईची वाट धरते. नवखा प्रवासी घड्याळ बघत कुरकुरतो. मग धक्क्यावर सुके बोंबील विकणाऱ्या चांगुणाबाय त्याच्या परतीच्या वेळी त्याला बसवून घेतात आणि पोशा तांडेलाची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, पूल नव्हता आणि रेल्वेही नव्हती तेव्हा, मुंबईला न्यायला फक्त पोशाच्या होड्या होत्या म्हणे. एकदा वादळातून जिवानिशी सुटल्यावर त्याने खडकावरच्या देवीला शब्द दिला होता, की सोडलेली होडी कधी माघारी फिरवणार नाही. शब्दाला तो पक्का. गावचा पाटील पागोटे सावरत धावत आला, तरी पोशाने मान वळवली नव्हती. त्याचा त्याला अभिमानही होता, आणि तो जरा जास्तच होता असे सांगतात.

त्याची एकुलती लेक बनू. तिचे लग्न मुंबईच्या कोळीवाड्यात ठरले. माहेरचा किनारा सोडण्याआधी नवरीने एकटीने खडकावरच्या देवीला भेटायचे आणि तोवर तिला कुणी हाक मारायची नाही, अशी तिथली रीत. ओहोटी होती तोवर बनू चालत त्या खडकावर गेली. भरती चढू लागली, होड्या तरंगल्या. एका होडीत पोशा आणि न्यायला आलेले व्याही, दुसरीत करवल्या. हाक कुणीच मारायची नव्हती, म्हणून कुणी मारलीही नाही. पुरुषांना वाटले, नवरी बायकांत बसली. बायकांना वाटले, बापाने लेकीला शेवटचे आपल्याजवळ बसवून घेतले.

खाडीच्या मध्यावर पोशाने दुसऱ्या होडीला ओरडून सांगितले, “गो, बनूला पानी दे. ऊन लागतंय तिला.”

तिकडून उत्तर आले, “बनू तुमच्याकडं हाय ना?”

पोशाने मान वळवून खडकाकडे पाहिले. ज्या पाण्याने होड्या तरंगवल्या होत्या, तेच पाणी आता खडकाला वेढा घालत असणार. बनूला पोहता येत होते, पण अंगावर नऊवार लुगडे आणि दागिने होते.

व्याह्यांतला एक म्हातारा गरजला, “लग्नाची होडी माघारी नेशील तर लग्न मोडलं समज!”

पोशाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. खडकाच्या दिशेला हात जोडून तो म्हणाला, “आये, शब्द माजा, पोर पन माजीच. काय कोपायचं तं माज्यावर कोप.” आणि त्याने सुकाणू फिरवले.

वाऱ्याने साथ दिली. ती देवीनेच दिली, असे चांगुणाबाय छातीठोकपणे सांगतात. बनू देवळीच्या चौथऱ्यावर उभी होती, पाणी कमरेला लागले होते. पोशाने तिला होडीत ओढून घेतले, पोटाशी धरले, आणि आयुष्यात कधी न रडलेला तो माणूस सगळ्यांदेखत हमसाहमशी रडला. मग रागावलाही.

“बोंब मारायची व्हती ना गो! हाक का नाय मारलीस?”

लेक लुगडे पिळत म्हणाली, “होडी तर सुटली व्हती, बा. तुमी काय फिरनार नाय, मना ठावं व्हतं. मंग कशाला हाक मारायची?”

पोशाने जाऊन सुकाणू धरले आणि होडी पुन्हा मुंबईकडे वळवली.

लग्न काही मोडले नाही. मुहूर्त टळला होता, तो संध्याकाळचा धरला. गरजलेला म्हातारा पंगतीत सगळ्यांत शेवटी उठला. देवी कोपली नाही, पोशाच्या होड्यांना नंतर कधी साधे भोकही पडले नाही म्हणे. पण त्या दिवसापासून, कुणी मागे राहिलेले असो वा नसो, धक्का सोडला की पोशा एकदा माघारी वळू लागला.

आजही वेशीबंदरची लाँच तसा वळसा घेते. आणि आजही उशीर झालेला माणूस इथे तोंड पाडून परत जात नाही. पिशवी काखेत मारून, धोतर नाहीतर पँट सावरत तो धक्क्याच्या टोकापर्यंत धावतो आणि बिनदिक्कत, पोटातून हाक मारतो.