हारांनी लांबवलेला रस्ता

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. अनसाआत्या म्हणते, "युक्ती फुटली, तर पुढचा मंत्री गाडीतून उतरणारच नाही." तरी सांगते.

अडचण अशी झाली, की नामदार हंबीरराव घोरतळ्यांचा रस्ता फारच आखूड निघाला. उंबरसोंडेजवळचा जुना हमरस्ता एका बाजूला, नवा द्रुतगती मार्ग दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हा जोडरस्ता. कागदोपत्री राज्य महामार्ग. पण एका टोकाला शिंकलं, की दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. विरोधी पुढारी भर सभेत म्हणाले, "नामदारांच्या रस्त्यापेक्षा त्यांच्या नावाची पाटी लांब आहे."

सभा हसली. नामदारांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ते इंजिनिअरला घेऊन थेट रस्त्यावर आले.

"लांब करा याला."

"साहेब, दोन्ही टोकांना रस्तेच आहेत. लांब करून नेऊ कुठे?"

"ते मला विचारू नका."

इंजिनिअरने घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि बोट दाखवलं. "मग इथून एक मोठा वळसा घालू. मध्ये फक्त ती चहाची टपरी येते."

टपरी अनसाआत्याची. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या टपरीवर चालायचं. ती उकळत्या चहावरची नजर न काढता म्हणाली, "साहेब, सरळ रस्ता वाकडा कशाला करता? आहे तसाच ठेवा. लांब मी करून देते."

"तू? डांबर कुठून आणणार?"

"डांबर कशाला लागतंय?"

नामदारांना गंमत वाटली. "बरं. लोकार्पणाला मी येईन तेव्हा रस्ता लांब झालेला दिसला पाहिजे. आणि तो मला पटला पाहिजे, इंजिनिअरला नाही."

"आणि पटला तर?"

"तर टपरी तुझी. नाही पटला, तर त्याच संध्याकाळी उचलायची."

त्या दिवसापासून आत्या चहा कमी आणि गप्पा जास्त विकू लागली. भजनी मंडळाशी बोलली, दूध डेअरीच्या चेअरमनशी बोलली, शाळेतल्या बाईंशी बोलली. गावातले लोक विचारायचे, "अनसाक्का, रस्ता कधी ताणायला घेतेस?" ती म्हणायची, "तुम्ही फक्त हार घेऊन या."

लोकार्पणाच्या सकाळी नामदारांनी जुन्या हमरस्त्याच्या टोकाला फीत कापली. दुपारी मुंबईत बैठक होती, म्हणून ते लगेच गाडीत बसले. गाडी जेमतेम हलली, तोच पाच सुवासिनी आरतीची ताटं घेऊन आडव्या. औक्षण झालं. गाडी पुन्हा हलली, तर भजनी मंडळ पुढे. त्यांनी अभंगाचं एक कडवं म्हणायचं ठरलं होतं. बुवांना सूर सापडला आणि अख्खा अभंग झाला. मग डेअरीची शाल. मग तरुण मंडळाचा फेटा. मग माजी सैनिकांचा फेटा, आधीच्या फेट्यावरच. शाळेचं स्वागतगीत झालं, मग निवृत्त गुरुजींनी मानपत्र वाचायला घेतलं. चष्मा घरी राहिला होता. तो आणायला नातू सायकलवर गेला.

हार नाकारणारा पुढारी अजून जन्माला यायचाय. नामदार दरवेळी उतरत, हात जोडत, मान वाकवत. समोर द्रुतगती मार्गावर गाड्या सुसाट पळताना दिसत होत्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि डुलकी काढली. जेवणाची वेळ टळली. बैठकीचीही टळली. आणि पुढे पतसंस्थेचं संचालक मंडळ रांगेत उभं होतं, प्रत्येकाच्या हातात वेगळा हार.

नामदारांचा धीर सुटला. "अरे, हा रस्ता संपणार आहे की नाही? जन्मात एवढा लांब रस्ता पाहिला नाही मी!"

गर्दीतून आत्या पुढे आली. हातात चहाचा ग्लास.

"साहेब, एकदा परत बोला. इंजिनिअरसाहेबांना नीट ऐकू आलं नाही."

नामदार तिच्याकडे बघत राहिले. मग मागे उभ्या इंजिनिअरकडे. मग हारांच्या ढिगातून असे गदागदा हसले, की दोन्ही फेटे घरंगळून खाली आले.

"टपरी तुझी!" ते डोळे पुसत म्हणाले. "वर पक्कं छप्पर माझ्याकडून. इंजिनिअर, तुमचा तो वळसा गुंडाळा. पण बाई, आता मला सोडव."

आत्याने नुसता हात हलवला. संचालक मंडळ बाजूला झालं आणि गाडी एका दमात पलीकडे पोहोचली.

अजूनही साहेब मुंबईला जाताना टपरीवर थांबतात. चहा घेण्याआधी काच खाली करून विचारतात, "बाई, आज पुढे कुणी हार घेऊन उभं नाही ना?" त्यावर आत्या अगदी गंभीर चेहरा करून सांगते, की साहेब, तसं कुणी नाही, फक्त त्या पलीकडच्या टोकापाशी...

आले गं आत्या, आले! दूध उतू जातंय टपरीवर, बाकीचं नंतर सांगते.