घड्यावरचा वनदेव

फार पूर्वी ग्रीस देशात मद्याच्या एका घड्यावर घोड्याच्या शेपटीचा वनदेव रंगवलेला होता. तो गाल फुगवून पावा वाजवी आणि मेजवानीत माणसं नाचू लागली की म्हणे, "बघा माझी करामत!"

एके दिवशी मेजवानीत पावा वाजवणारी मिर्तो आलीच नाही. वनदेवाने जीव खाऊन फुंकलं, पण एकाचाही पाय हलेना.

"देवी, आज माझा सूर का लागेना?" त्याने शेजारी रंगवलेल्या वीणाधारी देवीला विचारलं.

"तुझा? अरे, रोज मिर्तो वाजवते. मी तिलाच ऐकत असते."

"मग माझा पावा?"

"एकदा बघ तरी त्याच्याकडे!"

वनदेवाने पहिल्यांदाच पाहिलं. चिताऱ्याने पाव्याला एकही भोक काढलं नव्हतं. आणि फुगवलेले गाल आता सोडताही येईनात.