ढवळ्या डोंगरामागच्या वहाणा

ढवळ्या डोंगराच्या मागच्या अंगाला, पायवाटेला लागूनच, माणूस दडून बसेल एवढी एक कपार आहे. आत देव नाही, शेंदूर नाही. नुसते वहाणांचे जोड मांडलेले. नव्या माणसाला नवल वाटतं. मग बिदरेवाडीचे तुकाप्पा धनगर काठी आडवी ठेवून बसतात आणि सांगू लागतात.

फार मागची गोष्ट, म्हणे. डोंगराच्या पायथ्याला तळं एकच, आणि त्यावर हक्क सांगणारी गावं दोन: बिदरेवाडी आणि सोनशेत. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, पाणी गुडघ्यावर आलं आणि काठावर कुऱ्हाडी निघाल्या. तेव्हा पंचांनी ठरवलं, एकेका गावाने एकेक गडी पळवावा. तळ्यापासून निघून डोंगराला वळसा घालायचा आणि परत येऊन पाण्याला हात लावायचा. जो आधी लावील, त्याच्या गावाचं तळं.

सोनशेतकडून राणोजी उभा राहिला. त्याच्या दमाला तोड नव्हती. बिदरेवाडीचा बिरू चपळ खरा, पण अर्ध्या वाटेपुरताच, हे त्याच्या आईला, धुळाबाईला, पुरतं ठाऊक होतं. बिरूचा जुळा भाऊ मायाप्पा तान्हेपणीच लांबच्या मामाकडे दत्तक गेला होता. वाडीतली दोन-चार म्हातारी सोडली तर त्याची आठवणही कुणाला नव्हती. धुळाबाईने त्याला गुपचूप निरोप धाडला.

शर्यतीच्या सकाळी मायाप्पा या कपारीत बसून होता. वळणावरून बिरू आला तो धापा टाकतच, राणोजीच्या बराच पुढे. “पळ!” एवढंच म्हणून तो आत कोसळला. मायाप्पाने वहाणा काढून टाकल्या आणि अनवाणी सुटला.

तळ्याच्या काठावर त्याचा पाय घसरला. कपाळ दगडावर फुटलं, पण हात पाण्यात पडला. पंचांनी आपल्या हातांनी जखमेत हळद भरली. वाडी “बिरू, बिरू” म्हणून नाचत होती, आणि मायाप्पा कपाळ चाचपत होता. कपाळाची ही खूण दोन्ही गावांनी पाहिली होती. आता बिनखुणेचा बिरू घरी येणार कसा?

बिरू परस्पर मामाकडे निघून गेला. मायाप्पा त्याच्या नावाने राहिला. बिरूच्या कुत्र्याने महिनाभर त्याच्या हातची भाकर हुंगली नाही. धुळाबाई चारचौघांत त्याला बिरू म्हणे. घरात मात्र कुठल्याच नावाने हाक मारत नसे.

तिसऱ्या वर्षी राणोजी मेंढवाड्यापाशी आला. त्याने काखेतल्या वहाणा मायाप्पापुढे ठेवल्या.

“पळताना कपारीच्या तोंडाशी दिसल्या व्हत्या. दुसऱ्या दिशी जाऊन उचलल्या,” तो म्हणाला. “बिरू तर तळ्यावनं अनवानीच सुटला व्हता. ह्या तुज्याच ना?”

मायाप्पाची मान खाली गेली. “मंग तवाच का न्हाई बोललास?”

“मी बोललो असतो तर मुडदे पडलं असतं. माज्या पोरी तीन वर्सं दोन कोसावनं पानी आनत्यात, तरी गप ऱ्हायलो. पर तू बोललास, तर कदाचित कुनी काठी उचलायचं न्हाई.”

मायाप्पाने रात्र तशीच काढली. सकाळी त्याने दोन्ही गावांना तळ्यावर बोलावलं आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, “मी बिरू न्हवं. मी मायाप्पा.” सगळं सांगून टाकलं. सोनशेतच्या दोघा-तिघांनी काठ्या उगारल्या तेव्हा राणोजीच आडवा झाला. दुपारपर्यंत बोलाचाली झाली, आणि शेवटी पंचांनी तळं दोन्ही गावांना मोकळं केलं.

आठव्या दिवशी बिरू परतला. धुळाबाईने दोघांना शेजारी शेजारी बसवलं, एकेकाच्या गालाला हात लावून एकेकाचं नाव घेतलं, आणि मग ती पदर तोंडाला लावून खूप रडली, असं सांगतात.

आजही चैत्रात दोन्ही गावांची पोरं डोंगराला वळसा घालून पळतात, आणि वाटेत या कपारीत वहाणा काढून मांडून पुढे अनवाणी सुटतात. निघण्याआधी प्रत्येकजण तळ्याकडे तोंड करून मोठ्याने आपलं नाव सांगतो. गर्दीतून त्याची आई “व्हय, त्योच हाय” म्हणेपर्यंत कुणी पाऊल उचलत नाही.