भुरीने डुंबणं सोडलं

म्हशींच्या गळ्यात अजून दावं पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात डोह आटला, तरी सगळ्या म्हशी त्यातच डुंबायच्या. पाण्याचा नुसता चिखल झाला. भुरीचं रेडकू त्याला तोंड लावेना. घाबरून भुरीने डुंबणंच सोडलं आणि ती जांभळाखाली बसू लागली.

"अगं बाई, तुझ्या एकटीने डोह निवळणार होय?" थोरली शिंगी हसली.

भुरीलाही ते पटायचं. अंगाची लाही झाली की ती डोहाकडे दोन पावलं जायची आणि रेडकाकडे बघून ओशाळून परतायची. पण तिचं पाहून दुसरी आई आली, मग तिसरी. आठवड्याभरात पाणी निवळलं. रेडकू पोट फुगेस्तोवर प्यायलं.

तेवढ्यात शिंगीच धापा टाकत आली. "सरका गं जरा! सावली काय तुमच्या बापाची आहे?"