हैबतीने गॅस सांभाळला

एका डोंगरकडेच्या गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. अंगाने धडधाकट, मनाने स्वच्छ. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. अडचण एवढीच होती की सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

त्याची बायको कलावती बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. दिवस थंडीचे होते आणि हैबतीच्या घरात चूल होती. धुराने कलावतीला आधीच खोकला जडलेला. सासरे दौलतराव फोनवर म्हणाले, "जावईबापू, घरात गॅस येऊ द्या. आठ दिवस तो नीट सांभाळून दाखवा. तुमच्या शेजारच्या शेवंताकाकूंनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, की पोरगी आणि नात गाडीत बसवतो. नाहीतर दोघी इथंच."

हैबतीने लेकीचं तोंडही अजून पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "सांभाळतो की मामा. जिवापलीकडे सांभाळतो."

दुसऱ्या दिवशी रज्जाकभाई गॅसची टाकी आणि शेगडी घेऊन आले. त्यांनी रेग्युलेटर बसवला, नळी जोडली, साबणाचा फेस लावून नळी तपासली. जाताना म्हणाले, "हैबतीभाऊ, एकच ध्यानात ठेवा. झोपायच्या आधी हे बटण बंद करायचं. विसरायचं नाही."

"नाही विसरणार," हैबती म्हणाला. आणि खरंच विसरला नाही.

दुपारी त्याने भात टाकला. भाताला वेळ होता, म्हणून जरा आडवा झाला. डोळा लागणार तोच त्याला आठवलं. उठला, बटण बंद केलं, झोपला. जाग आली तेव्हा बटण चालू केलं. भात शिजायची वाट बघता बघता पुन्हा झोप आली. पुन्हा बंद केलं. असं पाचदा झालं. दिवस मावळायला शेवंताकाकू डोकावल्या, तर हैबती कराकरा तांदूळ चावत होता.

"हे काय रे?"

"भात. गॅसचा असाच होतो वाटतं."

काकूंनी सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अरे, वर काम चालू असताना बंद करतात का? आपलं काम झालं की बंद करायचं. झालं, की बंद."

"असं होय! आता पुढच्या वेळी तसंच करतो," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो जोंधळे घेऊन गिरणीत गेला. गिरणीवाले गुलाबराव दळणाच्या गडबडीत होते. हैबतीचं पीठ डब्यात पडलं. त्याने डबा उचलला, भिंतीपाशी गेला आणि मोठा खटका खाली ओढला. गिरणी घरघरत थांबली. वरच्या तोंडात पाटलीणबाईंची बाजरी तशीच अडकली. आठ बायका रांगेत होत्या. आठही एकदम बोलू लागल्या.

"अरे ए! खटका कुणी पाडला?" गुलाबराव पिठातून ओरडले.

"मी. माझं काम झालं."

"तुझं झालं! आणि ह्या बायांचं?"

"ते मला कुणी सांगितलं नाही."

गुलाबरावांनी अंगावरचं पीठ झटकलं. ते झटकण्यात त्यांचा राग थोडा कमी झाला. "हे बघ हैबती. दुसऱ्याच्या वस्तूला आपण होऊन हात लावायचा नाही. ज्याची वस्तू त्याला आधी विचारायचं. त्याने लाव म्हटलं, तरच लावायचा."

"असं होय! आता पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी शेवंताकाकूंची टाकी संपली. त्या दुधाचं पातेलं घेऊन आल्या, हैबतीच्या शेगडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मी ओढ्यावर दोन लुगडी पिळून येते. दुधावर लक्ष ठेव."

हैबतीने लक्ष ठेवलं. स्टूल ओढून समोर बसला. दुधाला साय धरली, ते त्याने पाहिलं. दूध वर चढलं, तेही पाहिलं. काठावरून उतू जाऊन बर्नरवर पडलं, तेही नीट पाहिलं. ज्योत फस् करून विझली. खालून सूं सूं आवाज येत राहिला. बटण हाताशी होतं. पण दूध काकूंचं होतं.

हैबती उठला आणि ओढ्यावर निघाला. वाटेत दोघांनी रामराम घातला, त्यांना थांबून रामराम केला.

"काकू, तुमचं दूध वर आलं होतं. हात लावू का?"

"लाव की मेल्या! आणि एवढ्यासाठी इथवर आलास? शेगडीपाशी कोण आहे?"

"वास आहे."

काकू लुगडं तिथंच टाकून पळाल्या. घरात शिरल्या त्या पदर नाकाला लावूनच. रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, मागचं दार उघडलं. हैबती उंबऱ्यात येऊन उभा राहिला आणि अंधार आहे म्हणून दिव्याच्या बटणाकडे हात नेला. काकूंनी त्याला दंडाला धरून अंगणात ओढलं. नंतर कितीतरी वेळ त्या पायरीवर बसून होत्या.

"हैबती, नीट ऐक. वास आला, की कुणाला विचारायचं नाही. बघत बसायचं नाही. काडी ओढायची नाही, दिवा लावायचा नाही. जिथं विस्तव असेल तो विझवायचा. दारं-खिडक्या सताड उघडायच्या. आणि घरातली माणसं बाहेर काढायची. आधी लहान लेकरं, मग मोठी. हा नाही, हूं नाही, उचलायचं आणि बाहेर. कळलं?"

"असं होय! आता पुढच्या वेळी तसंच करतो."

"आणि हे मी तुझ्या सासऱ्याला सांगणार नाही," काकू म्हणाल्या. "पण आता एकदा जरी काही झालं ना, तर पोरीचं तोंड तू शाळेतच बघशील."

हैबती इतका घाबरला, की त्याने गॅसला हात लावणंच सोडून दिलं. पाचव्या दिवशी त्याच्या मनात आलं, की एवढं सांभाळायचं ते ज्यांच्यासाठी, त्यांना एकदा बघून तरी यावं. सकाळच्या एसटीने तो सासुरवाडीला गेला.

सासुरवाडीला बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या गच्च लावलेली होती. आत बाजेवर कलावती निजलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. बाजेखाली शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. सासूबाई मुलीला धुरी देत होत्या. दौलतराव मोरीत अंघोळ करत होते.

हैबतीने दार लोटलं आणि त्याच्या नाकात वास गेला.

त्याने कुणाला विचारलं नाही. तो बघत बसला नाही. कोपऱ्यातली घागर उचलून शेगडीवर ओतली. निखारे चर्र झाले, खोलीभर राख उडाली. धाड् धाड् खिडक्या उघडल्या. सासूबाईंच्या मांडीवरून लेकरू उचललं, छातीशी धरलं आणि अंगणात नेऊन शेजारणीच्या हातात दिलं. परत आला, कलावतीला गोधडीसकट उचललं.

"अहो! अहो, काय करताय?"

"गप. पोर बाहेर आहे. आता तू."

मग सासूबाईंना खांद्यावर घेतलं. त्या आयुष्यात पहिल्यांदाच जावयाशी काही न बोलता राहिल्या. मग मोरीचं दार मोडलं. दौलतराव अंगणात आले तेव्हा त्यांच्या कमरेला पंचा होता आणि बाकी सगळीकडे साबण. गारठ्यात सगळी आळी जमली.

"जावईबापू," दौलतराव दात वाजवत म्हणाले, "आग कुठं आहे?"

"आग नाही मामा, वास आहे."

"अहो, तो ओव्याचा आहे!"

हैबतीने हुंगून पाहिलं. खरंच ओव्याचा होता.

कलावतीला पुन्हा आत नेलं. दौलतराव कपडे घालून आले आणि म्हणाले, "हा माणूस गॅस सांभाळणार? पोरीला मी पाठवत नाही." कलावती गोधडीतून बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, त्यांना खरंच वाटलं होतं गॅस आहे. तरी आत शिरले. आणि आधी हिला उचललं." दौलतराव जरा नरमले. "बरं, आठ दिवस भरू देत. काकू काय म्हणतात ते बघू."

सासूबाईंनी मात्र हैबतीला समोर बसवलं. "नीट ऐका आता. अंग गार पडलं असेल तर वारा लागू द्यायचा नाही. दारं-खिडक्या बंद. फटीत बोळे कोंबायचे. बाजेवर घ्यायचं, गोधडीत गुंडाळायचं, कान बांधायचे. खालून शेगडीचा शेक द्यायचा, वर ओवा टाकायचा. डिंकाचे लाडू भरवायचे. मग अंगात ऊब येते."

"किती लाडू?"

"सकाळी दोन. हे घ्या, तुम्हालाही डबाभर बांधून देते. घरी जा बाबा आता."

"असं होय, मामी! आता पुढच्या वेळी तसंच करतो."

तिथून तो मोठ्या भावाकडे गेला, दोन रात्री मुक्कामाला राहिला आणि सातव्या दिवशी संध्याकाळी गावी परतला. हे दोन दिवस घरात हैबती नसल्यामुळे गॅस अगदी सुरळीत होता. दौलतरावांचा फोन आला तेव्हा शेवंताकाकूंनी तेच सांगितलं. "दोन दिवसांत काहीसुद्धा झालं नाही बघा." ते खरंच होतं.

आठव्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी पडली. हैबतीने चहासाठी गॅस लावला. ज्योत अगदी बारीक, निळी, थरथरती. त्याने टाकीला हात लावून पाहिला आणि दचकला. टाकी बर्फासारखी गार होती. अंगावर दवाचे थेंब आले होते.

"अगं माझे बाई," तो म्हणाला, "तुझं तर अंगच गार पडलंय."

गॅस बंद करून तो कामाला लागला.

अकराच्या सुमाराला अंगणात जीप थांबली. दौलतराव उतरले, सासूबाई उतरल्या, लेकराला घेऊन कलावती उतरली. शेवंताकाकू भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन ओवाळायला धावत आल्या. पण दार आतून बंद. खिडक्या बंद. फटीफटीत चिंध्यांचे बोळे.

दौलतरावांनी कडी वाजवली. "जावईबापू! दार उघडा. आम्ही आलोय."

आतून दबका आवाज आला. "हळू बोला मामा. दार उघडता येणार नाही. वारा लागेल. आत शेक चाललाय."

दौलतरावांनी शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. "शेक? कलावती तर इथं आहे. आत कुणाला शेक देताय?"

"आत्ताच बाजेवर घेतलंय हिला. आठ दिवस झाले घरात येऊन. चांगली लालभडक होती हो, आज एकदम गार पडली."

कलावतीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कोण आहे हो ती?" तिने दारावर थाप मारली. "नाव सांगा तिचं!"

"नाव काय सांगू? टाकी आहे. गॅसची."

मग ओव्याचा वास सगळ्यांच्या नाकात गेला, आणि त्याखाली निखारे आहेत हे सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं. ड्रायव्हर जीप सोडून शेतात पळाला. दौलतरावांनी खांदा देऊन दार पाडलं.

बाजेवर लाल टाकी उभी होती. अंगावर गोधडी, कड्याला लोकरीची कानटोपी, वरून मफलरची गाठ. बाजेखाली शेगडी. निखारे नुकतेच घातले होते, म्हणून ही गोष्ट सांगायला माणसं उरली. कलावतीने लेकरू आईकडे दिलं, वाकली आणि दोन्ही हातांनी शेगडी ओढून अंगणाच्या टोकाला नेऊन पालथी केली. शेवंताकाकूंनी ओवाळायचा तांब्या निखाऱ्यांवर रिकामा केला. दौलतरावांनी टाकी उचलून सावलीत, घरापासून लांब नेऊन ठेवली. ठेवताना त्यांच्या तोंडून देवाची नावं येत होती, बरीचशी चुकीची.

हैबती मागोमाग आला. "मामा, कानटोपी तरी राहू द्या."

"कलावती," दौलतराव घाम पुसत म्हणाले, "गाडीत बस. ड्रायव्हर सापडला की निघू."

कलावतीचे हात काळे झाले होते. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो खाली मान घालून उभा होता, पण तिरप्या नजरेने आजीच्या हातातल्या लेकराकडे बघत होता.

"मी राहते, बाबा," ती म्हणाली. "ह्यांना एकटं सोडलं तर पुढच्या वेळी गावसुद्धा जागेवर सापडणार नाही. आजपासून गॅस मी बघेन. आणि ह्यांनाही मीच बघेन. तुम्ही फक्त रज्जाकभाईंना बोलवा. त्यांनी तपासल्याशिवाय टाकी घरात घ्यायची नाही."

मग भाकरतुकडा ओवाळला. कलावती घरात आली. लेकरू बापाच्या हातात दिलं, आणि त्याने ते इतकं नीट धरलं, की सासूबाईंना डोळ्याला पदर लावावा लागला.

दुपारी रज्जाकभाई आले. टाकी निवली होती. त्यांनी ती सगळीकडून पाहिली, घरात आणली, नळी जोडली, फेस लावून पाहिला. गळती कुठंच नव्हती. बर्नरला लायटर दाखवला, तर ज्योतही नव्हती. पुन्हा दाखवला. काही नाही.

"टाकी तर भरलेली आहे," रज्जाकभाई म्हणाले. त्यांनी रेग्युलेटर बंद केला, नळी काढली, एका टोकातून बघितलं. पलीकडचं दिसेना. मग एक तार घालून ओढू लागले. नळीतून चिकट, तपकिरी, काजूचे तुकडे असलेलं काहीतरी बाहेर येऊ लागलं.

"हळू, रज्जाकभाई!" हैबती लेकराला छातीशी धरून पुढे झाला. "सकाळी दोन लाडू भरवलेत. घास तरी गिळू द्या तिला!"