बाईंचे विरुद्ध मत

एकदा अमेरिकेतील एका राज्याच्या विधानसभेत एक वृद्ध बाई होत्या. त्या सभागृहात निवडून आलेली पहिली स्त्री त्याच. पुरुष सदस्य आधी त्यांना हसले, मग त्यांच्यावर ओरडले, आणि शेवटी त्यांना बाईंची सवय झाली. राजकारण शिकायला बाईंच्या हाताखाली एक तरुणी होती. तिची धाकटी बहीण कापडगिरणीत रात्रपाळी करून खोकू लागली होती. मुलींची रात्रपाळी बंद करण्याचे विधेयक बाईंनीच मांडले होते.

मतदानाच्या सकाळी बाई गिरणीमालक व्यापाऱ्यासोबत कॉफी पीत हसताना शिष्येला दिसल्या. तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुपारी मतदान सुरू झाले. बाईंच्या बाजूचे दोन सदस्य बर्फात अडकलेल्या आगगाडीत होते. त्या दोघांच्या मतांशिवाय विधेयक पडणार हे उघड होते. बाईंचे नाव पुकारले गेले. त्या उठल्या, स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध मत देऊन खाली बसल्या. वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलेला व्यापारी खूश झाला.

बाहेर येताच शिष्या त्यांच्यावर तुटून पडली. "एका कॉफीवर फितूर झालात, बाई? माझ्या बहिणीचा खोकला ऐकलाय ना तुम्ही?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, इथला नियम असा, की निर्णयाचा फेरविचार करा, असे जिंकलेल्या बाजूने मत देणाराच म्हणू शकतो. हरलेल्याला तो अधिकार नाही. आज बाजूने मत दिले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या, आणि विधेयक कायमचे मेले असते. उद्या गाडी पोचेल. तुला आधी सांगितले असते, तर तुझ्या चेहऱ्यानेच त्या व्यापाऱ्याला सावध केले असते."

शिष्या तरीही निवली नाही. "आणि उद्या तुम्ही उठलाच नाहीत तर?"

"तर तुझा संशय खरा. ठेव तो. मीही या सभागृहावर संशय ठेवूनच इतकी वर्षे टिकले. फक्त घरी बसून ठेवू नकोस. उद्या माझ्या मागच्याच खुर्चीत बस."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने वरून बाईंना नमस्कारादाखल मान लववली. बाईंनीही लववली. मागे बसलेली शिष्या खुर्चीत पुढे सरकली.

मग बाई उठल्या. "अध्यक्षमहाराज, काल मी जिंकलेल्या बाजूने मत दिले होते."

व्यापारी ताडकन उभा राहिला. बर्फाने भिजलेले कोट झटकत दोन सदस्य दारातून आत येत होते.

विश्वास जरूर टाकावा, पण मागची खुर्ची सोडू नये.